स्टॅटिक आयपी न घेता, ओपन सोर्स फर्मवेअरचा कॅमेरा आयपीव्ही६ वरून बाहेरून पाहता येतो का? कोणता कॅमेरा घ्यावा?

येतो. (स्टॅटिक आयपी म्हणजे कधी न बदलणारा इंटरनेट पत्ता, आयपीव्ही४ ही पत्त्यांची जुनी आणि आयपीव्ही६ ही नवी पद्धत, तर फर्मवेअर म्हणजे कॅमेऱ्यात भरलेले सॉफ्टवेअर.) तुम्ही लिहिले आहे की, कॅमेरे बसवणाऱ्याने तुम्हाला "स्टॅटिक आयपीचे पैसे भरा, नाहीतर क्लाउडवरच राहा, आणि आयपीव्ही६ राउटरमधून बंद ठेवा, ते धोक्याचे असते" असे सांगितले. हाच उपदेश मी आमच्या भावोजींकडून अनेकदा ऐकला आहे आणि ते नेटवर्कच्याच नोकरीत असल्यामुळे घरात त्यांचा शब्द चालतो; तेव्हा उत्तर थोडे लांबले तर सांभाळून घ्यावे.

देवगडजवळ आमची कलमांची बाग आहे. थोरले बंधू तिथे राहतात, मी पुण्यात असतो. हंगामात मांगरात (बागेतल्या कोठारवजा घरात) आंब्याच्या पेट्या रचलेल्या असतात, त्यांच्यावर नजर राहावी म्हणून भावोजींच्या सल्ल्याने क्लाउडवाले कॅमेरे घेतले. पुढे त्या कंपनीने आमच्या मॉडेलची सेवाच बंद केली. कॅमेऱ्यावरचा दिवा लागत होता, वायफाय जोडलेले होते. पण चित्र आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन मग मोबाइलवर यायचे, आणि तो सर्व्हरच उत्तर देईनासा झाला. मांगरातले चित्र मांगरात उभे राहूनही दिसेना. यावर भावोजी आजही फारसे बोलत नाहीत.

मग बसवणाऱ्याने पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून आलेली जोडणी राउटरमधून कॅमेऱ्याकडे वळवण्याचा, घाट घातला. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला होता. हा पट्टा २०१२ साली सेवादात्यांच्या सामायिक एनएटीसाठीच (अनेकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवण्याच्या सोयीसाठी) राखून ठेवण्यात आला. तिथे आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरचे पॅकेट आपल्या दारापर्यंत पोचतच नाही. त्याच राउटरच्या पुढच्या पानावर मात्र आयपीव्ही६ चा अख्खा प्रीफिक्स (पत्त्यांचा गट) आयता येऊन पडला होता, आणि त्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते.

मी एक कॅमेरा उघडला. बोर्डावर ग्राउंड, टीएक्स आणि आरएक्स असे तीन बारीक ठिपके असतात, त्यांना ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल अडॅप्टर जोडायचा (५ व्होल्टचा जोडलात तर चिप जळण्याची भीती), वीज देताच यू-बूटला (कॅमेरा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला) थांबवायचे, मूळ फर्मवेअरची प्रत काढून ठेवायची आणि मगच ओपनआयपीसी हे ओपन सोर्स फर्मवेअर चढवायचे. यात एक मेख आहे. मॅक पत्ता (उपकरणाचा नेटवर्कवरचा हार्डवेअर क्रमांक) वेगळा लिहून दिला नाही, तर हे फर्मवेअर ००:००:२३:३४:४५:६६ हाच पत्ता घेऊन उठते. दोन कॅमेरे तसेच ठेवले की मॅकवरून बनणारे त्यांचे आयपीव्ही६ पत्तेही एकच होतात, आणि नेटवर्कवरची दुहेरी पत्त्याची तपासणी त्यातल्या दुसऱ्याला तो पत्ता वापरू देत नाही. माणूस मग केबल बदलत बसतो. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो: ओपनआयपीसीमधला चित्र पाठवणारा मॅजेस्टिक हा प्रोग्रॅम खुला नाही. ते खटकत असेल आणि कॅमेऱ्यात इन्जेनिकची चिप असेल, तर थिंगिनो हे दुसरे फर्मवेअर पाहावे.

आता भावोजींचा मुद्दा. त्यांच्या मते एनएटी ही भिंत आहे आणि आयपीव्ही६ म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याला जगजाहीर पत्ता, म्हणजेच उघडे दार. हे साफ चूक आहे. २०१६ च्या मिराई या घातक प्रोग्रॅमने लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते सगळे आयपीव्ही४ वरून, कारखान्यातून आलेल्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या लावून पाहत. बाहेरच्याला अडवणारी गोष्ट फायरवॉल आहे. आत येणारी अनाहूत जोडणी नाकारण्याचा नियम आयपीव्ही६ वरही तितकाच चालतो आणि ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या खुल्या फर्मवेअरमध्ये तो मुळातच लावलेला असतो.

उलट बाजूचे लोकही फुशारकी मारतात की, एका ६४ बिटांच्या सबनेटमध्ये (एका नेटवर्कच्या पत्त्यांच्या पट्ट्यात) सेकंदाला दहा लाख पत्ते तपासले तरी पाच लाखांहून अधिक वर्षे लागतील. तेही अर्धेच खरे. पत्ता मॅकवरून बनलेला असेल आणि कॅमेऱ्याचा उत्पादक ओळखता आला, तर उरतात फक्त २४ बिट, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते. त्याच वेगाने ते वीस सेकंदांच्या आत संपतात. शिवाय कॅमेरा घड्याळ लावायला बाहेरच्या एनटीपी (वेळ सांगणाऱ्या) सर्व्हरला विचारतो तेव्हा स्वतःचा पत्ता स्वतःच सांगतो. इंटरनेटवरची उपकरणे शोधणाऱ्या शोडान या सर्च इंजिनने २०१६ मध्ये सार्वजनिक एनटीपी पूलमध्ये सर्व्हर घुसवून असेच पत्ते गोळा केले आणि ते तपासले होते.

म्हणून कॅमेरा थेट बाहेर काढूच नये, चित्र पाठवण्याचे ५५४ पोर्ट तर मुळीच नाही. आमच्या मांगरात एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आहे. कॅमेऱ्यांचे चित्र त्यावरचा गो२आरटीसी हा प्रोग्रॅम घेतो, आणि बाहेरून आयपीव्ही६ वर फक्त वायरगार्ड या व्हीपीएनचे (किल्ली असलेल्यालाच आत घेणाऱ्या खासगी जोडणीचे) एक यूडीपी पोर्ट उघडे आहे. योग्य किल्लीशिवाय आलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही. पायला एनटीपी सर्व्हर करून कॅमेऱ्यांना बाहेर जाण्याचीही बंदी घातली आहे. स्टॅटिक आयपीचा एक रुपयाही गेला नाही, हे भावोजींना सांगितले आहे.

अडचणी आहेत. वीज गेली की काही सेवादाते नवा प्रीफिक्स देतात, त्यामुळे पायवर डायनॅमिक डीएनएस (पत्ता बदलला तरी त्याच नावाने सापडण्याची सोय) हवेच, आणि फायरवॉलचा नियम पूर्ण पत्त्यावर न लिहिता त्याच्या शेवटच्या ६४ बिटांवर लिहावा लागतो. पाहणाऱ्या फोनलाही आयपीव्ही६ लागते. जिओच्या सिमवर ते असते, ऑफिसच्या वायफायवर बहुधा नसते. घरचे इंटरनेट सिमच्या राउटरवर असेल तर आत येणारी जोडणी कंपनीच अडवत असण्याची शक्यता आहे, तेव्हा आधी बाहेरून पिंग करून पाहा.

कोणता कॅमेरा घ्यावा, हे राहिले. मॉडेलच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाखाली वेगवेगळ्या चिपचे कॅमेरे विकले जातात. आधी एकच घ्या, उघडून चिपवरचा क्रमांक वाचा, तो ओपनआयपीसी किंवा थिंगिनोच्या यादीत असेल तरच बाकीचे त्याच दुकानातून, त्याच खेपेतले उचला.