सकाळी फुल चार्ज करून पर्वरीहून पणजीला उतरताना इलेक्ट्रिक कार आपोआप मंदावत नाही. ब्रेक बिघडले का?

नाही, ब्रेक ठीक आहेत. बॅटरी १०० टक्के भरलेली आहे म्हणून असं होतं. एरवी ॲक्सिलरेटर सोडला की मोटर जनरेटर होते: चाकं तिला फिरवतात, वीज बॅटरीत जाते आणि त्या विरोधाने वेग उतरतो. पण लिथियम बॅटरी भरली की कंट्रोलर हा प्रवाह कमी करतो किंवा बंदच करतो, कारण जादा चार्जने सेल खराब होतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ही सूचना सहसा असते. पेडलचे हायड्रॉलिक ब्रेक मात्र पूर्ण ताकदीने लागतात, तेव्हा मांडवी पुलाकडचा उतार लागण्याआधीच पाय ब्रेकसाठी तयार ठेवा. सोय असेल तर घरी चार्जची मर्यादा ८०-९० टक्क्यांवर लावा, मला हाच सर्वांत चांगला उपाय वाटतो. (पावसात चाक घसरू लागलं तरी गाडी मोटरचा हा ब्रेक सोडते, तेही योग्यच.) मात्र बॅटरी ६०-७० टक्के असताना कोरड्या रस्त्यावर असं झालं, किंवा डॅशबोर्डवर ब्रेकचा दिवा लागला, तर गाडी त्याच दिवशी सर्व्हिस सेंटरला दाखवा.