तलावाकाठच्या छोट्या गावात रोजचं आयुष्य कसं असतं?

तुम्ही विचारलंय की अशा गावात खिडकीतून पाणी दिसत असेल का, दिवस निवांत जातो का, आणि शहर सोडून राहायला यावं का. मी गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका मालगुजारी तलावाच्या, म्हणजे पूर्वी मालगुजार या गावच्या जमीनदाराच्या ताब्यात असलेल्या तलावाच्या गावात वाढलो. धानाची शेती आहे, अजून इथेच राहतो. तेव्हा आमच्याकडचं सांगतो.

आमच्या घरातून तलाव दिसत नाही. गावातल्या बहुतेक घरांतून दिसत नाही, कारण मध्ये पाळ आहे. पाळ म्हणजे मातीचा उंच बांध. तिच्या एका अंगाला पाणी आणि त्यामागे जंगलाच्या टेकड्या, दुसऱ्या अंगाला उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी शेतं, आणि कडेला गाव. टेकड्यांवर पडलेला पाऊस नाल्यांतून येतो, पाळीला अडतो, आणि तलाव भरला की उरलेलं पाणी सांडव्यावरून खालच्या गावाच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात जातं. म्हणजे हे निसर्गाचं सरोवर नव्हे, माणसांनी घडवलेलं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने यातले बरेच बांधले. सर्वांत नावाजलेला नवेगावबांधचा, तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं इथे सांगतात. जो तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजणारी जमीन मिळायची म्हणे. असं आमिष असल्यावर लोक पाळी बांधणारच.

गावाचा दिवस घड्याळापेक्षा पाण्याच्या पातळीवर चालतो. पावसाळ्यात रोवणी, म्हणजे धानाची लावणी. तेव्हा गाव दुपारभर ओस पडतं, बायका कमरेत वाकून चिखलात आणि पुरुष पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या टाकायला. खरी परीक्षा ऑक्टोबरात. पाऊस गेलेला असतो आणि भारी, म्हणजे उशिरा पिकणारं धान नेमकं निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर पडायला आलेलं असतं. त्या वेळी एक पाणी चुकलं की लोंब्या पोचट. म्हणून हलकं, लवकर पिकणारं धान उंचावरच्या बांध्यांत आणि भारी धान पाटाजवळ, ही वाटणी कुणी शिकवावी लागत नाही.

पाणी सोडायची जुनी सोय बघण्यासारखी आहे. पाळीच्या आतल्या अंगाला पायऱ्या-पायऱ्यांचं दगडी बांधकाम असतं, त्याला तुडुम म्हणतात. पायरीला भोक, भोकात लाकडी गुटका. पाणी पायरीखाली उतरलं की खालचा गुटका काढायचा, की वरचं पाणी पाळीखालच्या नळातून पाटात. हे काम पूर्वी पाणकर करायचा. कुणाच्या बांधीत किती वेळ पाणी जाईल हे तो ठरवायचा आणि त्याबद्दल त्याला सुगीला धान मिळायचं. आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी गेट आणि कागदावरची समिती आहे. भांडणं तेव्हाही होती, पण रात्री पाट फोडणाऱ्याला पाणकराच्या तोंडाची भीती वाटायची. समितीच्या तोंडाची कुणाला वाटत नाही.

१९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजार काही संत नव्हते. पण पाळ फुटली तर त्यांचंच धान बुडायचं, म्हणून उन्हाळ्यात पाळीवर माती पडायची, गाळ निघायचा. सरकारचं बुडण्यासारखं काही नव्हतं. गाळ साचत गेला, तलाव उथळ झाले आणि काठाने बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजली. गुलाबी फुलांमुळे फोटोत ती छान दिसते. जनावर तोंड लावत नाही आणि तिच्या झुडपांत जाळं टाकता येत नाही. अलीकडे गाळ काढायच्या योजना आल्या, काही तलावांत काम चांगलं झालं. काही ठिकाणी मात्र पाळीवर रंगीत बाकडी बसवून सौंदर्यीकरण उरकलं. गाळ तसाच.

मासेमारी ढिवर समाजाची. मी शेतकऱ्याच्या घरचा, त्यामुळे जे सांगतो ते ढिवरटोलीत बसून पाहिलेलं. तलाव मच्छीमार संस्था लीजवर घेते. रोहू, कतला, मृगळ हे बंद तलावात अंडी घालत नाहीत, त्यांचं बीज दरवर्षी विकत आणून सोडावं लागतं. मरळ आपली आपण वाढते आणि बाजारात भावही तिलाच जास्त. पहिल्या मोठ्या पावसात मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, पार बांध्यांत येतात, तेव्हा शेतकऱ्यांची पोरंही टोपल्या घेऊन धावतात. त्यावरून दरवर्षी कुरबूर होते आणि दरवर्षी मिटते. थंडीत शिंगाडे निघतात. उकडलेले काळे शिंगाडे रस्त्याच्या कडेला विकायला बसलेल्या बायका दिसतील, थांबून घ्याच.

पक्ष्यांसाठी यायचं तर डिसेंबर-जानेवारी. बदकं उत्तरेकडून येतात. नशीब असेल तर धानात सारस दिसेल. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात, आणि बांधीत घरटं केलं तर तेवढा तुकडा न कापता सोडणारे शेतकरी इथे आहेत.

दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, रात्री झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाची नाटकं. पहाटेपर्यंत चालतात. सासरी गेलेल्या मुली, बाहेर कामाला गेलेली पोरं तेव्हा परततात. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण एरवी गाव रिकामं असतं. धानाशिवाय काम नाही, म्हणून बहुतेक घरांतलं कुणी ना कुणी नागपूर नाहीतर हैदराबादला असतं.

आता तुमचं. मोबाईलला रेंज कधी असते कधी नसते. साधं दुखणं गावात बरं होतं, मोठ्यासाठी गोंदिया किंवा नागपूर. डास भरपूर, संध्याकाळी दारं लावूनच बसावं लागतं. घरून काम करणार असाल तर आधी ऑगस्टात महिनाभर राहून बघा, हिवाळ्यात येऊन ठरवू नका. हिवाळ्यात सगळ्यांनाच इथे राहावंसं वाटतं. आणि खोली शोधताना सांडव्याच्या आणि पाटाच्या बाजूची घेऊ नका. तिथे भिंतींना चढलेली ओल दिवाळीपर्यंत उतरत नाही, तांदळाच्या पोत्यांखाली लाकडी फळ्या ठेवाव्या लागतात.