'सम अँड सबस्टन्स' होस्टाला बी का धरत नाही

ताई, तीन उन्हाळे दांडे भरभरून येतात, फुलं गळतात आणि एकही बोंड धरत नाही, म्हणून खत कमी पडतंय का असं तुम्ही विचारलंत. खताचा काही संबंध नाही. तुमचा होस्टा (सावलीत वाढणारं, पानांच्या शोभेसाठी लावतात ते झाड) 'सम अँड सबस्टन्स' या जातीचा आहे आणि बी न धरणं हे त्या जातीतच आहे. बहुतेक होस्टांत ६० गुणसूत्रं असतात, म्हणजे ३०-३०चे दोन संच; याच्यात ९०, म्हणजे तीन संच. परागकण आणि बीजांड तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. तिसरा संच जोडीविना उरतो आणि सगळी वाटणी विस्कटते. आपल्या खायच्या केळ्यात बी नसतं तेही याच कारणानं; तिथं ११-११चे तीन संच.

तरी वांझ म्हणजे अगदी शून्य असं धरून चालू नका. एखादं बीजांड धड निघतं. माझ्याकडे न्यू जर्सीत मी एकदा चाळीसेक फुलांवर दुसऱ्या होस्टाचे पराग लावले. दोन बोंडं टिकली. वाळल्यावर फोडली तर आत पांढरट, पोकळ पापुद्रे, आणि त्यांत एकच काळं बी, बोटाला टणक लागणारं. त्या एका बियाचा आनंद अजून आठवतो!

संकर करायचाच असेल तर याला आई करा, म्हणजे दुसऱ्याचे पराग याच्या फुलावर लावा. याचे पराग दुसऱ्यावर लावून यश मिळणं आणखी अवघड. फूल पहाटे उमलतं आणि एकच दिवस टिकतं, म्हणून आदल्या संध्याकाळी टपोरी कळी उघडून सहाही पुंकेसर चिमट्यानं काढा. सकाळी मधमाश्या यायच्या आत कुक्षीवर पराग लावा आणि देठाला रंगीत दोरा बांधा.

याचे पराग तपासायचेच असतील तर आई म्हणून व्हेंट्रिकोझा ही होस्टाची प्रजाती घेऊ नका. तिचं बी फलनाशिवायच तयार होतं आणि रोपं हुबेहूब तिच्यासारखी निघतात. बोंडं भरलेली दिसली की संकर जमला असं वाटतं, आणि दोन वर्षं फुकट जातात.

मला विचाराल तर या झाडाकडून नवी जात मिळायची खरी वाट बियाची नाहीच. 'लेडी इझोबेल बार्नेट' ही पिवळसर काठाची जात याच्याच एका वेगळ्या फुटव्यातून आली. वसंतात कोंब उलगडताना गड्ड्याभोवती रोज एक फेरी मारा. एखाद्या पानावर वेगळा पट्टा किंवा काठ दिसला, तर तो फुटवा मुळांसकट धारदार सुरीनं कापून वेगळ्या कुंडीत लावा. पुढची दोन-तीन वर्षं पट्टा तसाच टिकतो का, ते बघा.