स्विफ्टला २०५ चे टायर आणि मागून घासणं: कड वळवायची की नाही?

तुमचं म्हणणं असं की स्विफ्टचे कंपनीचे १८५/६५ आर१५ काढून बाहेरचे अलॉय आणि २०५/६० आर१५ टायर टाकले. आता मागे तिघं बसले की स्पीडब्रेकरवर डावीकडून खर्रकन आवाज येतो, आणि गॅरेजवाला म्हणतो, "कड ठोकून देतो." म्हणजे चाकावरच्या कमानीची आत वळलेली पत्र्याची कड. ठोकू देऊ नका. वळवून घेता येईल, पण आधी हिशोब बघा.

उंचीने हा टायर जेमतेम पाच-साडेपाच मिमी मोठा, म्हणजे त्रिज्येत तीनही नाही. खरी भानगड रुंदीची आहे: २० मिमी जास्त, त्यातले १० बाहेरच्या अंगाला. शिवाय अलॉयच्या आत कोरलेला ईटीचा, म्हणजे ऑफसेटचा (चाक किती आत-बाहेर बसतं त्याचा) आकडा जुन्यापेक्षा जितका कमी, तितके मिमी चाक आणखी बाहेर. तो ५-७ ने कमी असेल तर कड वळवून भागेल. १५ ने कमी असेल तर अलॉय बदला, पत्र्याच्या मागे लागू नका. आणि चाक बाहेर ढकलायला मागे लावलेल्या चकत्या, म्हणजे स्पेसर, असतील तर ते आजच काढा.

एकाच बाजूला घासण्यात नवल नाही. मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, म्हणजे टॉर्शन बीम, थोडा इकडेतिकडे बसलेला असतोच. कमानीवरून ओळंबा सोडून दोन्हीकडे चाकापर्यंतचं अंतर मोजा. मग कडेच्या आतून खडू फासा, माणसं बसवून चक्कर मारा; खडू कुठे पुसला ते दिसेल. कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरवर (अस्तरावर) किंवा बंपरच्या स्क्रूपाशी घासत असेल तर पत्र्याला हात लावायची गरजच नाही.

कड वळवायची तर चाक काढून हबला (जिथे चाक बसतं तिथे) बसणारा रोलर असलेलाच माणूस शोधा. टायर आणि कडेच्या मधे बॅट घालून पिळणारे बरेच आहेत. त्याने कमानीला लाटा पडतात आणि त्या उन्हात लांबून दिसतात. कामाआधी पॅनलवर लोहचुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे खाली पुट्टी आहे, आणि ती तडकणारच. रंग हीट गनने सतत गरम ठेवायचा, हाताला चटका बसेल इतपत. रोलरचा दाब थोडाथोडा वाढवत बऱ्याच फेऱ्या मारायच्या. एका दमात दाबलं की रंग कडेवर केसासारखा चिरतो. कड पूर्ण चपटी करायचा हट्ट नको, आत कलली तरी पुरतं.

मागची कड म्हणजे बाहेरचा आणि आतला पत्रा स्पॉट वेल्डने जोडलेली शिवण असते. वळवताना तिच्यातलं सीलंट फुटतं. गॅरेजवाला हे सांगणार नाही, कारण गंज दिसायला दोन पावसाळे जातात आणि तोवर तुम्ही त्याला विसरलेले असता. कोकणात गाडी असेल तर एकच पुरे. म्हणून त्याच दिवशी कड साफ करून प्रायमर, वर सीम सीलर, त्यावर टचअप. यासाठी वेळ नाही म्हणाला तर गाडी तशीच परत आणा.

शेवटी डिक्कीत सामान आणि मागे तीन माणसं घेऊन पुन्हा खडू लावा. तरीही पुसला गेला तर हे टायर विकून १९५/६५ आर१५ घ्या. उंचीला थोडे जास्त आहेत, पण बाहेरच्या अंगाला पाच मिमी सुटतात.