परदेशातला पहिला वाढदिवस

परदेशात स्वयंसेवक म्हणून काम करताना वाढदिवस आला आणि तो कुणाला सांगायचाच नाही, असं ठरवलं असशील तर तो विचार आधी सोड. संस्थेच्या समन्वयकाला आणि यजमान कुटुंबाला आठवडाभर आधी सहज सांगून ठेव. तिथे वाढदिवस करतात का, कसा करतात, तेही कळेल. रजा मात्र घेऊ नकोस. खोलीत एकट्याने दिवस काढणं फार जड जातं. मुलांसोबत काम असेल तर खाऊ सगळ्यांना पुरेल एवढा ने, नाहीतर नेऊच नकोस. शेवटची दोन-चार मुलं हात पुढे करून उभी आणि डबा रिकामा, हे बघवत नाही. त्यांचे फोटो टाकण्याआधी संस्थेला विचार. घरच्यांचा फोन वेळेतला फरक बघून संध्याकाळी ठरव, घरची आठवण तेव्हाच दाटून येते. नेट दगा देऊ शकतं, म्हणून त्यांच्याकडून व्हॉइस मेसेज आदल्या दिवशीच मागवून डाउनलोड करून ठेव.