जपानमध्ये वैद्यकीय उपकरण विकायचंय? आधी एवढं बघा

विचार चांगला आहे, जरूर पुढे जा. पण टोकियोच्या प्रदर्शनात स्टॉल घेण्याआधी उपकरणाचा वर्ग पक्का करा. तिथे धोक्यानुसार 1 ते 4 असे वर्ग आहेत. पहिल्याला नुसती नोंद पुरते, चौथ्याला पीएमडीएची (औषधं आणि उपकरणं तपासणारी जपानी संस्था) पूर्ण तपासणी लागते. अमेरिकेची मंजुरी तिथे चालत नाही.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- मंजुरी वितरकाच्याच नावावर घेतात. पुढे वितरक बदलायचा म्हटलं की सगळं अडतं, कारण कागद त्याच्या हातात. थोडा जास्त खर्च झाला तरी स्वतंत्र जपानी परवानाधारक (वितरक नसलेला, ज्याच्या नावावर मंजुरी राहील असा) नेमा. माझं याबाबत ठाम मत आहे.
- आरोग्य विम्यातून उपकरणासाठी किती पैसे मिळतात तो दर शेवटी बघतात. तो सरकार ठरवतं आणि साधारण दर 2 वर्षांनी बदलतं.

उपकरणासोबतचं माहितीपत्रक जपानीतच लागेल. बाकीचं वर्ग ठरल्यावर बोलू.