शहरातल्या नदीला तिचं मूळ रूप परत देता येतं का?

तुम्ही विचारलंय की शहरातून वाहणाऱ्या नदीचं मूळ रूप आणि तिच्यातली जीवसृष्टी परत आणता येते का, की दोन्ही काठांना भिंत आणि वर फिरायला रस्ता एवढंच आता हातात उरलंय. मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलो. आमच्या विश्वामित्रीकडे बघून सांगतो, येतं. मात्र नदीला जागा सोडावी लागते, आणि घोडं तिथेच अडतं.

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून निघते, गावाच्या मधून वळणं घेत जाते आणि पुढे ढाढरला मिळते. पात्र अरुंद, काठ मातीचे आणि बाजूला कोतरं, म्हणजे पाण्याने कापलेल्या घळी. उन्हाळ्यात ती ओसाड दिसतात, म्हणून त्यांत राडारोडा टाकून जागा सपाट केली जाते. पण पुराचं जादा पाणी आधी तिथेच शिरायचं आणि मग सावकाश उतरायचं. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी 26 फूट असताना. माझ्या बहिणीच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी होतं. ओसरल्यावर आम्ही देवघर धुवायला घेतलं, तर ताम्हनात बोटभर गाळ बसलेला, अगदी मऊ, गंधासारखा. तो गाळ हातात घेतला तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं, याची जागा कोतरात होती.

आता जीवसृष्टीचं. हिवाळ्यात ऊन वर आलं की कमाटीबागेतल्या पुलावरून खाली काठाकडे बघत उभे राहा. चिखलावर एक रुंद गुळगुळीत घसरण दिसेल, दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे आणि मधून शेपटीची रेघ. मगर तिथून वर येऊन ऊन खाते. भरवस्तीतल्या नदीत शेकडो मगरी राहतात, असं दुसरं शहर मला तरी माहीत नाही. साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये मादी पाण्याच्या वरच्या अंगाला मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात. काठाला काँक्रीट केलं की ती अंडी घालणार कुठे? गाळ काढायची यंत्रंही नेमकी उन्हाळ्यातच नदीत उतरतात, कारण पाणी तेव्हाच कमी असतं. म्हणून आधी घरटी शोधून तेवढा काठ सोडून द्यायला हवा. याला माझ्या मते पर्याय नाही.

परदेशात हे झालेलं आहे. म्युनिकमध्ये इसार नदीचा सुमारे 8 किलोमीटरचा पट्टा 2000 ते 2011 या काळात मोकळा केला. सरळ बांधीव काठ काढले, पात्र रुंद केलं, गोट्यांची बेटं पुन्हा तयार होऊ दिली, आणि पुरापासूनचं संरक्षणही वाढवलं. सिंगापूरमध्ये कालांग नदीचा 2.7 किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा फोडून 2012 पर्यंत 3.2 किलोमीटरचा वळणदार प्रवाह केला. लांबी वाढली ती वळणांमुळे. वळणावर पाण्याचा वेग मोडतो. सरळ केलेली नदी पूर नुसता पुढच्या गावावर ढकलते.

आपल्याकडे पहिलं काम सांडपाणी थांबवण्याचं. ते नदीत पडत असेल तर वरची सगळी शोभा वाया. मग कोतरांतला भराव उपसायचा, काठाला शक्य तिथे मातीचाच उतार द्यायचा आणि त्यावर उंबर, जांभूळ, करंज, वाळा असं इथलंच काही लावायचं, म्हणजे मुळं माती धरतात. लॉन नको. नदीला येऊन मिळणाऱ्या कांसही (आमच्याकडे पावसाळी नाल्याला कांस म्हणतात) तळाशी मातीच्याच राहू द्याव्यात. राष्ट्रीय हरित लवादाने 2021 मध्ये विश्वामित्रीच्या पूरक्षेत्राच्या आणि कोतरांच्या हद्दी आखायला सांगितलं आहे. माझ्या दृष्टीने बाकी सगळ्याच्या आधी ती रेघ जमिनीवर दिसली पाहिजे, खांब रोवून.

तुमची नदी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाऊस संपल्यावर तिच्या काठाने एकदा पायी जा, बरोबर कोणी जुनी माणसं घ्या आणि विचारा, पूर्वी पाणी कुठवर यायचं. त्या जागांचे फोटो तारखेसकट ठेवा. पुढे तिथे पहिला डंपर रिकामा होईल त्याच दिवशी तक्रार करता आली पाहिजे, कारण एकदा भरावावर घरं उभी राहिली की ती जागा नदीला परत मिळणं फार अवघड होतं.